रोजनाम्यातली वर्षे

फौजदारी न्यायालयातल्या प्रत्येक प्रकरणाला रोजनामा असतो. प्रत्येक तारखेला काय घडले याच्या दोन-तीन ओळी त्यात लिहिल्या जातात. आरोपी हजर. सरकारी वकील हजर. साक्षीदार गैरहजर. समन्स बजावून परत आले नाही. आरोपीचा मुदतीचा अर्ज मंजूर. न्यायाधीश रजेवर. पुढील तारीख अमुक. आरोपपत्र, पंचनामे, जबाब यांच्या गठ्ठ्यात या ओळींकडे सहसा कोणी बघत नाही. पण खटला फार रेंगाळला म्हणून तो कायमचा थांबवावा, ही आरोपीची मागणी खालच्या न्यायालयाने नाकारली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले, की तिथला निकाल बहुतांशी याच ओळींवर ठरतो. त्या नकाराची तपासणी वर कशी होते आणि वर्षे मोजतात म्हणजे नेमके काय मोजतात, हे इथे सावकाश सांगायचे आहे.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करू. ‘खटला थांबवणे’ याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे स्थगिती: वरच्या न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत खालचे काम तात्पुरते बंद. दुसरा म्हणजे खटला रद्द करणे: आरोप खरे की खोटे हे न ठरवताच प्रकरण कायमचे संपवणे. विलंबाच्या कारणावरून मागितले जाते ते हे दुसरे. म्हणूनच न्यायालये ते देताना इतकी हात राखून वागतात. रद्द झालेल्या खटल्यात आरोपीला निर्दोष असल्याचा शिक्का मिळत नाही आणि फिर्यादीला तर काहीच मिळत नाही.

आता एक काल्पनिक प्रकरण घेऊ. समजा, एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत २००८ साली अपहाराची फिर्याद झाली. आरोपींपैकी एक तिथला कारकून. कलम लागले ते तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे ४०८, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आरोपपत्र २०१२ मध्ये दाखल झाले. दोषारोप निश्चित झाला २०१७ मध्ये. २०२५ उजाडले तरी एकही साक्षीदार तपासला गेला नाही. फिर्याद झाली तेव्हा चौतीस वर्षांचा असलेला कारकून आता एक्कावन्न वर्षांचा आहे. नोकरी पहिल्याच वर्षी गेली. तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज करतो की सतरा वर्षे झाली, आता हे बंद करा. अर्ज फेटाळला जातो.

हा नकार चूक होता का? बहुतेकांना इथेच धक्का बसतो, कारण कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार कायद्याने बांधलेले असतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५८ खाली, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८१ खाली, त्याला कामकाज मध्येच थांबवता येते, पण फक्त समन्स खटल्यात, आणि तोही खासगी फिर्यादीवरून सुरू झालेला नसेल तर. दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचा गुन्हा असला की तो वॉरंट खटला होतो आणि हे दार बंद होते. किरकोळ गुन्ह्यांना मुदतीचा कायदा आहे: फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षे. या मुदतीनंतर न्यायालयाला गुन्ह्याची दखलच सहसा घेता येत नाही. पण ती अट दखल घेण्यापुरती आहे. त्यानंतर खटला किती वर्षे चालावा, याबद्दल ती काही बोलत नाही. शिवाय आपल्या कारकुनाचा गुन्हा सात वर्षांचा, म्हणजे त्याला तीही लागू नाही.

तेव्हा खालच्या न्यायालयाने ‘मला हा अधिकार नाही’ म्हटले, तर त्या आदेशात चूक काढता येत नाही. तरीही उच्च न्यायालयात जाता येते, कारण तिथे विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो. खालचा आदेश चुकला का, हा एक प्रश्न. तो चुकला नसला तरी हा खटला पुढे चालवणे संविधानाच्या अनुच्छेद २१ शी सुसंगत आहे का, हा दुसरा. विलंबाच्या प्रकरणात खरी लढाई दुसऱ्या प्रश्नावर होते. याचिकेत फक्त पहिलाच प्रश्न मांडला, तर ती पहिल्याच सुनावणीत अडखळते.

हा दुसरा प्रश्न १९७९ मध्ये ठळक झाला. बिहारच्या तुरुंगांत खटला न चालताच वर्षानुवर्षे पडून असलेल्या कैद्यांच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या, त्यांवरून ॲड. कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातले कित्येक जण ज्या गुन्ह्यासाठी पकडले गेले होते, त्याच्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ आत होते. हुसैनारा खातून प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. जलद खटला हा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. ‘जलद खटला’ हे शब्द संविधानात कुठेच नाहीत. ते अनुच्छेद २१ मधल्या ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ या शब्दांतून काढले गेले, कारण त्याआधी वर्षभर मनेका गांधी प्रकरणात ही कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असे ठरले होते. वीस वर्षे चालणारी कार्यपद्धती वाजवी म्हणायची कशी?

हक्क मिळाला, पण तो मोडला हे ओळखायचे कसे? त्याचे उत्तर ज्या निकालात आले त्याचे नाव महाराष्ट्राला चांगले परिचयाचे आहे. अब्दुल रहमान अंतुले विरुद्ध रा. सु. नायक. मुख्यमंत्रिपदाच्या काळातल्या सिमेंट वाटपाच्या प्रकरणावरून अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला. रामदास नायक यांनी त्यांच्याविरुद्ध फिर्याद केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला विशेष न्यायाधीशांकडून मुंबई उच्च न्यायालयाकडे वर्ग केला. साक्षीही सुरू झाल्या. मग १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की तो वर्ग करण्याचा आदेशच कायद्याला धरून नव्हता. न्यायालयाच्या स्वतःच्या आदेशाने गेलेली ती वर्षे कोणाच्या नावावर टाकायची? १० डिसेंबर १९९१ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने विलंबाबद्दलची अकरा तत्त्वे सांगितली. निकालपत्र न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांचे. आजही देशातले कोणतेही उच्च न्यायालय असा अर्ज ऐकते, तेव्हा टेबलावर हीच तत्त्वे असतात.

त्यांतली सगळी इथे सांगत नाही. जी निर्णायक ठरतात ती अशी. हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्याला लागू आहे, म्हणजे आरोपपत्राला लागलेली वर्षेही मोजायची. आरोपीने कधी ‘खटला लवकर चालवा’ असा अर्ज केला नाही, एवढ्यावरून त्याचा हक्क जात नाही, कारण स्वतःवरचा खटला चालवणे हे आरोपीचे काम नाही. विलंब कोणामुळे झाला हे पाहायचे. विलंबामुळे आरोपीचे नुकसान झाले का हे पाहायचे, मात्र फार मोठा विलंब हा स्वतःच नुकसानीचा पुरावा ठरू शकतो. गुन्ह्याचे स्वरूप, आरोपी आणि साक्षीदार किती, त्या न्यायालयावर कामाचा बोजा किती, हेही तोलायचे. वर्षांची ठरावीक मर्यादा आखायची नाही. आणि हक्क मोडला असे दिसले तरी खटला रद्द करणे हाच एक उपाय आहे असे समजायचे नाही.

शेवटचा मुद्दा अमेरिकेपेक्षा वेगळा आहे. तोलून पाहण्याची ही पद्धत तिथल्या १९७२ च्या बार्कर विरुद्ध विंगो या निकालाशी जवळचे नाते सांगते. पण तिथे जलद खटल्याचा घटनात्मक हक्क मोडला असे एकदा ठरले, की खटला काढून टाकणे एवढाच उपाय उरतो. त्यामुळे तिथली न्यायालये हक्क मोडला असे म्हणायलाच कचरतात. आपल्याकडे उपाय अनेक ठेवले. ते शहाणपणाचे होते असे मला वाटते. मात्र त्यामुळे ‘हक्क मोडला आहे, तरी खटला चालू ठेवा’ असे म्हणण्याची सोयही झाली.

आता दाराकडे. उच्च न्यायालयात नक्की कोणत्या कलमाखाली जायचे? पुनरीक्षण अर्ज हा पहिला विचार मनात येतो, पण निव्वळ अंतरिम आदेशाविरुद्ध पुनरीक्षण चालत नाही. सरकार पक्ष लगेच हा आक्षेप घेतो. त्याचे उत्तर १९७७ च्या मधु लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात आहे. लिमये यांनी १९७४ मध्ये दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन महाराष्ट्राच्या तेव्हाच्या कायदामंत्र्यांवर टीका केली, म्हणून त्यांच्यावर मुंबईत अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला. ते कायदामंत्री म्हणजे अंतुलेच. त्या निकालाने सांगितले की जो मुद्दा आरोपीच्या बाजूने लागला असता तर खटलाच संपला असता, तो मुद्दा फेटाळणारा आदेश निव्वळ अंतरिम नसतो. शिवाय न्यायप्रक्रियेचा गैरवापर रोखण्याचा उच्च न्यायालयाचा अंतर्निहित अधिकार अशा आडकाठीने पूर्णपणे बंद होत नाही. हा अधिकार जुन्या संहितेत कलम ४८२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तो कलम ५२८ मध्ये आहे. त्याच्या जोडीला संविधानाचे अनुच्छेद २२६ आणि २२७ आहेत. व्यवहारात फौजदारी अर्ज किंवा फौजदारी रिट याचिका अशा नावाने हे प्रकरण दाखल होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या पक्षकारांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईची वारी करावी लागत नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे.

थेट सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद ३२ खाली जाता येत नाही का? कागदोपत्री येते. पण अकराव्या तत्त्वात घटनापीठानेच सांगितले आहे की हा आक्षेप आधी उच्च न्यायालयापुढे मांडावा. त्याच तत्त्वात आणखी दोन गोष्टी आहेत. असा अर्ज आला म्हणून उच्च न्यायालयाने खालच्या खटल्याला सहसा स्थगिती देऊ नये, अगदीच गंभीर आणि अपवादात्मक प्रकरण असेल तरच द्यावी. आणि असे अर्ज प्राधान्याने निकाली काढावेत. कारण उघड आहे. विलंबाची तक्रार करायची, त्या तक्रारीवर स्थगिती मिळवायची, तक्रार पाच वर्षे पडून राहू द्यायची आणि मग त्या पाच वर्षांचाही विलंब म्हणून हिशेब मागायचा, असे व्हायला नको. आरोपीने स्वतः मिळवलेल्या स्थगितीचा काळ सरकार पक्षाच्या माथी सहसा मारता येत नाही, हे अर्ज करणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवावे.

प्रकरण उच्च न्यायालयात उभे राहिले, की न्यायालय पुरावा तपासत बसत नाही. अपहार झाला की नाही हा प्रश्न तिथे नसतो. सरकार पक्षाकडून प्रतिज्ञापत्र मागवले जाते: इतका वेळ का लागला, सांगा. गरज वाटली तर खालच्या न्यायालयाचे मूळ रेकॉर्ड, वकिलांच्या भाषेत आर अँड पी, मागवले जाते. मग रोजनामा उघडतो.

आपल्या कारकुनाचा उघडून पाहू. २००८ ते २०१२ तपास चालला. लेखापरीक्षकाचा अहवाल यायला एक वर्ष लागले. अपहाराच्या प्रकरणात हिशेब तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा हे वर्ष समजण्यासारखे. अहवाल २००९ मध्ये हातात आला होता. मग पुढची तीन वर्षे? तपास अधिकारी बदलत गेले, फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली. याला स्पष्टीकरण म्हणत नाहीत. ही तीन वर्षे सरकार पक्षाच्या खाती. २०१२ ते २०१४ दुसरा आरोपी फरार, वॉरंट दर वेळी तसेच परत. फरार आरोपीचे प्रकरण वेगळे काढून हजर असलेल्या आरोपीचा खटला सुरू करता आला असता, तसा अर्ज सरकारी वकिलांनी केला नाही. ही दोन वर्षेही बव्हंशी तिकडेच. २०१४ ते २०१६ आपल्या कारकुनाचा दोषमुक्तीचा अर्ज, तो फेटाळल्यावर सत्र न्यायालयात पुनरीक्षण, तेही फेटाळले. हा कोणाचा दोष? अंतुले निकाल सांगतो की हक्काचा उपाय सद्हेतूने वापरला तर त्याला वेळकाढूपणा म्हणायचे नाही. पण तो काळ सरकारचाही दोष होत नाही. ही दोन वर्षे कोणाच्याच खाती नाहीत, हिशेबातून बाजूला. त्यानंतर दहा महिने न्यायाधीशाची जागाच रिकामी. २०१७ पासून पुढच्या चाळीस तारखांपैकी नऊ तारखांना आरोपीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज. सव्वीस तारखांना साक्षीदार गैरहजर, कारण पहिला साक्षीदार निवृत्त होऊन गाव सोडून गेला आणि समन्स जुन्याच पत्त्यावर जात राहिले. उरलेल्या पाच तारखा करोनाच्या काळातल्या.

सतरा वर्षांचा आकडा आता वेगळा दिसतो. त्यातली दहा-अकरा वर्षे बिनखुलाशाची, सरकार पक्षाकडे बोट दाखवणारी. चार-पाच तटस्थ. काही आरोपीच्या अंगावर. सतरा वर्षे झाली, एवढेच सांगणारी याचिका आणि ही फोड समोर ठेवणारी याचिका, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तरीही निकाल आधीच सांगता येत नाही, कारण यानंतर नुकसानीचा प्रश्न येतो. आरोपीच्या बाजूचे साक्षीदार हयात आहेत का? पतसंस्थेची जुनी खातेवही कुठे आहे, की संस्थाच अवसायनात गेली? नोकरी, पासपोर्ट, मुलांची लग्ने, सतरा वर्षांच्या तारखांचा खर्च, सतत टांगलेली तलवार, हेही नुकसानच आहे आणि न्यायालयांनी ते तसे मान्य केले आहे.

खऱ्या निकालांत हे तोलणे कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. बिहारच्या वीज मंडळातल्या एका सहायक अभियंत्यावर एप्रिल १९८१ मध्ये हजार रुपयांच्या लाचेचा सापळा लागला. आरोपपत्र आले. १९९० मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने ठरवले की तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता, योग्य दर्जाच्या अधिकाऱ्याने तीन महिन्यांत नव्याने तपास करावा. तीन महिन्यांत. नवे आरोपपत्र आले ते २००७ मध्ये, तेही अभियंता १९९८ मध्ये विलंबाची तक्रार घेऊन उच्च न्यायालयात गेल्यानंतर. उच्च न्यायालयाने खटला थांबवायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये तो नकार बदलला. वकील प्रसाद सिंह विरुद्ध बिहार राज्य हा तो निकाल. सतरा वर्षांच्या त्या पोकळीबद्दल सरकारकडे सांगण्यासारखे काहीही नव्हते आणि अभियंत्याने ती लांबवली असेही कोणी दाखवू शकले नाही. आदल्याच वर्षी पंकज कुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात असेच घडले होते: १९८७ ची फिर्याद, १९९१ चे आरोपपत्र, पुढे सांगण्यासारखी प्रगती नाही, मुंबई उच्च न्यायालयाचा नकार आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून खटला रद्द.

आता उलट बाजू. २ जानेवारी १९७५ रोजी समस्तीपूर रेल्वे स्थानकावर बॉम्बस्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्रा यांचे निधन झाले. खटला पुढे बिहारमधून दिल्लीला हलवला गेला. आरोपींपैकी रंजन द्विवेदी हे घटनेच्या वेळी चोवीस वर्षांचे तरुण वकील होते. विलंबावरून खटला रद्द करावा म्हणून ते १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ च्या त्याच घटनापीठाने त्यांची मागणी नाकारली आणि खटला रोजच्या रोज चालवण्याचा आदेश दिला. रोजच्या रोज चालवायचा तो खटला आणखी दोन दशके संपला नाही. दरम्यान वीसहून अधिक न्यायाधीश बदलले. सदतीस वर्षांनंतर, ऑगस्ट २०१२ मध्ये, दुसऱ्यांदा केलेली मागणीही न्या. एच. एल. दत्तू आणि न्या. चंद्रमौळी कुमार प्रसाद यांच्या पीठाने फेटाळली. न्यायालयाने तारखांचा हिशेब पाहिला आणि म्हटले की विलंबात आरोपींनी मागितलेल्या मुदतींचा मोठा वाटा आहे, गुन्हा केंद्रीय मंत्र्याच्या हत्येचा आहे आणि खटला शेवटच्या टप्प्यात आला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने द्विवेदींसह चौघांना दोषी ठरवून जन्मठेप दिली. स्फोटाला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

अठ्ठावीस वर्षांचा लाचेचा खटला रद्द होतो आणि सदतीस वर्षांचा खुनाचा होत नाही, याचे कारण वर्षांत नाही. खात्यात आहे. एका ठिकाणी जवळजवळ सगळी रिकामी वर्षे सरकारकडे जमा होती, दुसऱ्या ठिकाणी ती वाटली गेली होती. गुन्ह्याचे वजनही वेगळे होते. हा फरक मला कायद्याच्या दृष्टीने पटतो. तरी चाळीस वर्षे आरोपी म्हणून जगलेला माणूस आणि चाळीस वर्षे निकालाची वाट पाहिलेले मृताचे कुटुंब, या दोघांनाही काय मिळाले, हा विचार मनातून जात नाही.

मग सरळ मर्यादाच का ठरवत नाहीत? ठरवून पाहिली. १९९६ आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या लहान पीठांनी तसे आदेश दिले. गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे अमुक वर्षांत सरकार पक्षाचा पुरावा संपला नाही तर तो बंद करावा, काही खटल्यांत आरोपीला सोडावे. त्याचा परिणाम असा झाला की गंभीर भ्रष्टाचाराचे खटलेही केवळ कॅलेंडरकडे बघून संपू लागले. १६ एप्रिल २००२ रोजी पी. रामचंद्र राव विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सात न्यायाधीशांनी या मर्यादा रद्द केल्या. कालमर्यादा घालणे हे कायदा करण्याचे काम आहे, न्यायालयाचे नाही, आणि अंतुले निकालाची तोलण्याची पद्धतच खरी, असे त्यांनी सांगितले. खालच्या न्यायालयांनी आपले उपलब्ध अधिकार वापरावेत आणि उच्च न्यायालयांनी अंतर्निहित अधिकार वापरावा, हेही त्यातच आहे.

नकार देणे म्हणजे हात झटकणे नव्हे. खटला रद्द करत नाही असे म्हणून उच्च न्यायालय इतर आदेश देऊ शकते: साक्षीदारांची यादी कमी करा, फरार आरोपीचे प्रकरण वेगळे काढा, अनावश्यक मुदती देऊ नका. आरोपी तुरुंगात असेल तर विलंब हा जामिनाचा भक्कम आधार होतो. कडक कायद्यांच्या प्रकरणांतही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ पासून हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या एका बनावट नोटांच्या प्रकरणात चार वर्षे दोषारोपही निश्चित झाला नव्हता, तेव्हा गुन्हा कितीही गंभीर असो, जलद खटल्याचा हक्क आहेच, असे म्हणून जामीन दिला गेला. मात्र ‘सहा महिन्यांत खटला संपवा’ हा पूर्वी सर्रास मिळणारा आदेश आता सहज मिळत नाही. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की दुसऱ्या न्यायालयातल्या प्रकरणाला मुदत घालून देणे हे अपवादात्मक परिस्थितीतच व्हावे, कारण प्रत्येक न्यायालयात सगळीच प्रकरणे तुंबलेली आहेत, आणि वर जाऊ शकणाऱ्यानेच रांगेत पुढे का जावे? त्याच निकालाने सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप उठण्याचा २०१८ चा नियमही काढून टाकला. म्हणजे एखाद्याने आधी स्थगिती मिळवली असेल, तर ती उठवण्यासाठी आता दुसऱ्या बाजूला स्वतः अर्ज करावा लागतो. फिर्यादींनी हे विशेष लक्षात घ्यावे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. न्यायालयावरचा कामाचा बोजा तोलताना लक्षात घ्यावा, असे अंतुले निकालात आहे. न्यायाधीशाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण आपल्या कारकुनाच्या हिशेबातले दहा महिने आठवा, न्यायाधीशाची जागा रिकामी होती ते. जागा भरणे हे राज्ययंत्रणेचे काम. विधी आयोगाने १९८७ मध्येच दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत असे सुचवले होते, सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते प्रमाण पाच वर्षांत गाठण्याचा आदेश दिला. ते आजही गाठलेले नाही. असे असताना रिकाम्या खुर्चीमुळे गेलेला काळ तटस्थ मानायचा, आणि त्याचा भार ज्याचा या खुर्चीशी काही संबंध नाही त्याने सोसायचा, हे मला न्याय्य वाटत नाही. नव्या संहितेत दोषारोपाच्या पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत दोषारोप निश्चित करावा, एका पक्षाला दोनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत, असे लिहिले आहे. खुर्चीवर माणूस नसेल तर ही कलमे कोण पाळणार?

ज्यांच्या अंगावर असे प्रकरण आहे, त्यांनी वर जायचे की नाही हे ठरवण्याआधी एक काम करावे. सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारखांचा इतिहास पाहता येतो, पण तो त्रोटक असतो. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून पहिल्या तारखेपासूनच्या रोजनाम्याची प्रमाणित प्रत घ्या. एका कागदावर तारीख, काय घडले आणि कोणामुळे पुढची तारीख पडली, असे तीन रकाने आखून सगळ्या तारखा प्रामाणिकपणे भरा, आपल्या वकिलांनी घेतलेल्या मुदतींसकट. फिर्यादी असाल तरी हेच करा, म्हणजे तुमचे साक्षीदार का येत नाहीत हे न्यायालयाला वेळेत सांगता येईल. नकलेचा अर्ज पुढच्याच तारखेला द्या.